सस्तनांच्या ओळीतले बाबा

तीर्थस्वरूप दादास,

धाकटीचा नमस्कार पोचावा. (तीर्थस्वरूप हे थोरल्या भावाला लिहायचं असतं म्हणून लिहिलं. तू कसा आहेस ते मला ठाऊक आहे, तेव्हा फार मनावर घेऊ नकोस.) तुझी तब्येत कशी आहे, जहाज डुलायला लागलं की जेवण अजून पोटात ठरतं का, जिना उतरताना गुडघा कुरकुरायचा तो थांबला का, इंजिनाच्या खोलीत कानांत बोळे घालतोस की म्हातारपणी ठार बहिरं व्हायचं ठरवलं आहेस, हे सगळं सविस्तर कळव. यापुढे 'इकडे सर्व क्षेम आहे' असं लिहायचा रिवाज आहे. तेवढं मात्र मला लिहिता येत नाही. क्षेम आहे की नाही हे या क्षणी फक्त एका मशीनला माहीत आहे, आणि ते मशीन माझ्यासमोरच्या दुधी काचेच्या दारामागे आहे. त्या मशीनमध्ये बाबांचं रक्त आहे. मी बाहेर बाकावर बसून मांडीवर पुठ्ठा ठेवून तुला लिहिते आहे. शेजारी बाबा कोपरात कापसाचा बोळा दाबून बसलेत आणि पुढच्या रांगेतल्या माणसाच्या कोटाची पाठ डोळ्यांनी उसवतायत.

तुझं जहाज बंदराला लागेल आणि कंपनीचा माणूस हे पाकीट तुझ्या हातात देईल, तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. मला आत्ता काहीही माहीत नाही. शेवटचं पान आधी वाचायची तुझी लहानपणापासूनची खोड आहे. ती या वेळी आवर. शेवटचं पान मी अजून लिहिलेलं नाही, आणि त्यावर काय येणार या विचारानं माझा जीव टांगणीला लागला आहे. तेव्हा तू आरामात वाचावंस आणि मी एकटीनं घाबरावं, हे मला मंजूर नाही.

झालं असं. गेले काही महिने बाबा थकायला लागले आहेत. जिना चढताना मध्येच थांबतात आणि थांबल्याचं कळू नये म्हणून भिंतीचा रंग तपासतात. शिलाई मशीनवर बसले की मान खाली जाते. आईनं झोप लागली का विचारलं, तर म्हणतात, शिलाई बघतोय. (शिलाई हा शब्द तुझ्यासमोर काढू नये हे मला कळतं, पण पुढे तो येणारच आहे, तेव्हा आत्ताच सवय करून घे.) रक्त तपासून घ्या असा आईनं लकडा लावला. बाबा दवाखान्याची पायरी चढायला तयार नाहीत. त्यांचं म्हणणं, तिथल्या लोकांचे पांढरे कोट खांद्यात उतरलेले असतात, आणि ज्याला स्वतःचा कोट धड घालता येत नाही त्याच्या हातात मी माझा दंड देणार नाही. शेवटी तोडगाही त्यांनीच काढला. पोरगी रोज माशांचं रक्त काढते ना, मग माझंही तीच काढेल, मी काय माशापेक्षा जास्त वळवळणार आहे का. मी मासे हाती यायच्या आधी माणसांचं रक्त काढायचं रीतसर शिकलेली असल्यामुळे मला नाही म्हणायला तोंड उरलं नाही.

जेवणाच्या टेबलावर त्यांचा दंड ठेवला, पट्टा बांधला, सुई घेतली, आणि माझे हात आपोआप रोजच्या वाटेनं गेले. माशाचं रक्त काढताना त्याच्या डोळ्यांवर ओलं फडकं टाकतात, म्हणजे तो शांत पडून राहतो. मी ओट्यावरचं फडकं पाण्यात बुचकळून, पिळून, बाबांच्या डोळ्यांवर टाकलं. ते पडल्यावर माझ्या लक्षात आलं. आईला बहुधा वाटलं, नवीन पद्धत असेल. नळी भरत आली तेव्हा फडक्याखालून आवाज आला, आता शेपटी पण धरणार आहेस का. इथवर सगळं गमतीचंच चाललं होतं.

आता घोळ कुठे झाला ते नीट समजून घे. दवाखाना बाहेरून आणलेले नमुने दुपारीच घेतो, म्हणून बाबांची नळी मी काल सकाळी बर्फाच्या डब्यात घालून आधी माझ्या प्रयोगशाळेत नेली. तिथे त्या दिवशी थोरल्या बाईंची पाळी होती. थोरल्या बाई म्हणजे आमच्या हौदातली सगळ्यांत मोठी आणि म्हातारी मासोळी. तिला हात लावण्याआधी आम्ही सगळे तिची परवानगी घेतल्यासारखे उभे राहतो. माशांसाठीच्या हिरव्या टोपणाच्या नळ्या संपलेल्या, म्हणून तिचंही रक्त मी माणसांसाठीच्या जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतलं. बाबांची नळीही जांभळ्याच टोपणाची. तू म्हणशील, नावाची चिठ्ठी लावायची. आमच्याकडे चिठ्ठी चालत नाही दादा. माशांचं काम म्हणजे कायम ओले हात. शाई पसरते, कागद सुटतो, आणि संध्याकाळी चिठ्ठी नळीवर नसून कोणाच्या तरी कोपरावर सापडते. म्हणून आम्ही नाव लिहीतच नाही, जागा ठरवतो. फ्रिजमधल्या स्टँडला दोन ओळी आहेत. दाराकडची माशांची, भिंतीकडची सस्तनांची. इतकी सोपी पद्धत आहे आणि ती आजवर कधी चुकली नव्हती. मी थोरल्या बाईंना माशांच्या ओळीत उभं केलं आणि बाबांना, शास्त्राला धरून, सस्तनांच्या ओळीत. मला त्या नेमकेपणाचं थोडं कौतुकही वाटलं.

सस्तनांची ओळ एरवी मूषकरावांच्या मालकीची. मूषकराव म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतला उंदरांचा माणूस. तो उंदरांचं रक्त बघतो, मी माशांचं, आणि दोघांनी मिळून तुलना लिहायची असं आमचं काम आहे. प्रत्यक्षात मिळून काही होत नाही. तो मला मत्स्यकन्या म्हणतो, मी त्याला मूषकराव म्हणते, आणि आपला तो बाब्या या न्यायानं दोघंही आपापल्या प्राण्याची बाजू घेऊन भांडतो.

आता एवढं भांडण्यासारखं त्यात काय आहे, असं तू विचारशील. (विचारणार नाहीस. पण मला बोलत राहणं भाग आहे, कारण लिहायची थांबले की लक्ष त्या दुधी काचेकडे जातं.) शत्रू अंगात शिरला तर माशाचं शरीर काय करतं आणि आपलं काय करतं, हा आमचा विषय. बरंचसं सारखंच आहे. दोघांकडे जंतू गिळणाऱ्या पेशी आहेत, दोघांकडे अँटीबॉडी तयार करणाऱ्या आहेत, जुन्या शत्रूचा चेहरा लक्षात ठेवणाऱ्याही दोघांकडे आहेत. फरक आहे तो घर चालवण्याच्या रीतीत. आपल्या रक्तपेशी हाडांच्या आत, मज्जेत जन्माला येतात. माशाच्या हाडांत तसला कारखाना नाही. त्याच्या मूत्रपिंडाचा डोक्याकडचा भाग ते काम अंगावर घेतो. आपल्या गळ्यात आणि काखेत गाठी असतात, तिथे पेशी जमून खलबतं करतात. माशाला तसल्या गाठी नाहीत, त्याचं काम चालता चालता. आपल्यातली अँटीबॉडी करणारी पेशी सहसा जंतू गिळायच्या भानगडीत पडत नाही, ते खातं दुसऱ्याचं. माशातली तीच पेशी अँटीबॉडीही करते आणि जंतू तावडीत सापडला तर गिळूनही टाकते. मूषकराव म्हणतो हा मागासलेपणा आहे, कामाची वाटणीच झालेली नाही. मी म्हणते, मग आमची आई फार मागासलेली आहे. आणि तापाचं ऐक. आपलं अंग आपोआप तापतं. माशाला स्वतःचा ताप स्वतः आणता येत नाही, म्हणून कित्येक जातींचे आजारी मासे उठून कोमट पाण्यात जाऊन राहतात, आणि तिथे त्यांच्या पेशी जोमानं लढतात. ऊब असेल तिकडे जायला माशाला कोणाच्या बोलावण्याची गरज लागत नाही. (हे मी सहज लिहिलं.)

आणि आता एकच गोष्ट, ती मात्र लक्षात ठेव, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आपली तांबडी पेशी रक्तात उतरण्याआधी आपलं केंद्रक बाहेर टाकून देते आणि मग जन्मभर प्राणवायूची हमाली करते. माशाची तांबडी पेशी केंद्रक सांभाळून असते, आणि वेळ आली तर लढाईतही हातभार लावते. भिंगाखाली हा फरक शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पेशीच्या मधोमध निळा ठिपका असला तर मासा, नसला तर सस्तन.

तर दुपारी मी सस्तनांच्या ओळीतली नळी उचलली, दवाखान्यात पोचवली, आणि परत येऊन माशांच्या ओळीतल्या नळीतला थेंब काचेवर ओढला. रंगवला, भिंगाखाली ठेवला. थोरल्या बाईंच्या तांबड्या पेशींना केंद्रक नव्हतं. एकीलाही. अशा ठिकाणी शहाण्या माणसानं काय करावं? नळी चुकली का, ते पाहावं. मी काय केलं? मी उठून खोलीचं दार आतून लावून घेतलं, कोणी शोध चोरू नये म्हणून. मग तासभर त्या पेशी निरखल्या. नुसत्या तांबड्या नाहीत, पांढऱ्याही. किती सुबक, किती बेताच्या, एकही वेडीवाकडी नाही. म्हाताऱ्या मासोळीनं या वयात केंद्रक टाकून सस्तनांची चाल धरली, आणि तीही माझ्या हौदात. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात. मला तर जागेपणी, चांगल्या उजेडात दिसलं. मी आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांना जाऊन सांगितलं. सर खुर्चीतून उठले. (ते कोणासाठी उठत नाहीत.) मी त्यांना हेही सांगितलं की इतकं निरोगी रक्त मी कधी पाहिलेलं नाही. दादा, आज सकाळपासून मी ते एक वाक्य घट्ट धरून बसले आहे.

सरांच्या खोलीतून बाहेर पडते तोच दवाखान्याचा फोन आला. रक्ताच्या डॉक्टरीणबाई स्वतः बोलत होत्या, आणि बाई स्वतः बोलतात तेव्हा काय असतं हे या बाकावर बसणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. लगेच येऊन भेटा म्हणाल्या. गेले. त्यांनी कागद पुढे केला. पांढऱ्या पेशींच्या जागी आकडाच नव्हता, नुसती फुल्यांची रांग. मशीनच्या मोजण्यापलीकडे गेलं की ते फुल्या छापतं. त्यांनी तेच रक्त पुन्हा घालून पाहिलं होतं, पुन्हा फुल्या. काचेवर घेऊन डोळ्यांनी बघावं म्हटलं तर तोवर नळीतलं रक्त गोठून गेलेलं. वडिलांना उद्या सकाळी घेऊन या, नवा नमुना घेऊ, बहुधा मज्जाही तपासावी लागेल, मनाची तयारी ठेवा, असं त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं. मी रक्ताचं शिकलेली आहे, फुल्यांचा अर्थ मला कोणी सांगावा लागत नाही. पायऱ्या उतरताना कठडा कुठे आहे ते मला दिसेना.

आता तू मला वेड्यात काढशील, आणि काढच. एकाच दिवशी, एकाच स्टँडमधून निघालेल्या दोन नळ्या. एकीत मासोळीचं रक्त माणसासारखं झालं, दुसरीत माणसाचं रक्त जगावेगळं झालं. दोन्ही गोष्टी माझ्याच डोक्यात, आणि दोघींची गाठ म्हणून पडली नाही. हर्ष एका खोलीत, धास्ती दुसऱ्या खोलीत, मधलं दार बंद. ज्या बाईनं नुकतीच निरोगी पेशींची तोंडभर स्तुती केली होती, तीच बाई बसच्या खिडकीला डोकं टेकून रडत घरी गेली.

घरी काही सांगायचं नाही असं ठरवून गेले होते. पण बाही तोकडी झाली हे गिऱ्हाइकानं तोंड उघडण्याआधी त्याच्या चेहऱ्यावरून ओळखण्यात बाबांचा जन्म गेलेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, बोल. मी बोलले. आई उभी होती ती खाली बसली. बाबांनी एकच विचारलं, जिना चढू नको असं म्हणाल्यात का. मी म्हटलं, तसं नाही म्हणाल्या. मग ठीक आहे, म्हणाले, आणि जेवायला बसले. रोजच्यापेक्षा थोडं जास्तच जेवले, आईला दिसावं म्हणून. जेवण झाल्यावर कापायच्या टेबलावरचं गिऱ्हाइकांचं सगळं काम त्यांनी बाजूला सारलं, ट्रंकेच्या तळातून राखाडी निळं कापड काढलं, पसरलं, आणि खडू घेतला. टेप गळ्यातच होती, तिला हातही लावला नाही. मी दारात उभी राहून पाहत होते. पाठ आखली, रुंद. खांदे आखले, उजवा किंचित खाली. दादा, आपल्या घरात उजवा खांदा खाली असलेला माणूस एकच आहे, आणि शाळेत दप्तर एकाच खांद्यावर अडकवू नकोस म्हणून त्याला सांगून सांगून आई थकली होती.

तू घर सोडलंस त्या दिवशीची तुला आठवण करून द्यायला नको, पण मी देते. भरल्या दुकानात, गिऱ्हाइकाच्या अंगावर कोट असताना, तू म्हणालास, बाबा, डाव्या बाहीची शिलाई वाकडी आली आहे, चष्म्याचा नंबर तपासून घ्या. आणि ते म्हणाले, मी बोलावीन तेव्हाच या घरात पाऊल टाक. तू बॅग उचललीस ती थेट समुद्रावर. तेव्हापासून ते बोलावत नाहीत आणि तू न बोलावता येत नाहीस. दोघं एकाच कापडाचे. मी आणि आई मध्ये अस्तरासारख्या. काल त्यांनी पुढचा भाग कापला, पाठ कापली, आणि बाहीशी आल्यावर कात्री थांबली. माप जुनं झालंय, असं भिंतीकडे बघून म्हणाले. आई आत गेली आणि तिनं नळ मोठा सोडला. मला वाटतं, मरणाला घाबरतात म्हणजे काय करतात, ते मी काल पहिल्यांदा पाहिलं. घाबरलेला माणूस ओरडतो असं मी समजत होते. आपले बाबा शर्ट कापायला घेतात.

आज सकाळी दवाखाना उघडायला अवकाश होता आणि घरात बसवेना, म्हणून आधी प्रयोगशाळेत गेले. मूषकराव सुट्टीवरून आलेला होता. (सुट्टी म्हणजे काय, काल सकाळी फक्त उंदरांना खाणं घालायला येऊन गेला होता.) त्याला माझ्या शोधाची बातमी लागली होती, आणि तो पोटदुखी लपवत अभिनंदन करायला आला. मी काच पुढे केली. माझं कशात लक्ष नव्हतं. त्यानं भिंगात पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाला की हे मासोळीचं नाही. मी म्हटलं, मग तुझ्या उंदराचं असेल, तुझी नळी माझ्या ओळीत घुसली असेल. तो म्हणाला, काल मी एकाही उंदराला हात लावला नाही, आणि माझ्या उंदरांच्या या पांढऱ्या पेशींचं केंद्रक कडीसारखं वाटोळं असतं. हे बघ, इथे तुकड्यातुकड्यांचं आहे. हे माणसाचं आहे, मत्स्यकन्ये, कुणा माणसाचं रक्त आहे हे. मग तो फ्रिजकडे बघत जरा घुटमळला आणि म्हणाला, काल दाणे घालून झाल्यावर मी आदल्या दिवशी विसरलेला माझा जेवणाचा डबा घ्यायला तो स्टँड बाहेर काढला होता, परत ठेवताना कदाचित उलटा ठेवला असेन.

तो पुढे काहीतरी बोलत होता. मी बाबांना सस्तनांच्या ओळीत ठेवलं, त्यानं स्टँड फिरवला, आणि मी सस्तन म्हणून मासोळी उचलून दवाखान्यात नेऊन दिली. ते मशीन माणसांसाठी बनवलेलं आहे. ते तांबड्या पेशी फोडतं, आणि केंद्रक असलेलं जे काही उरतं ते पांढरी पेशी म्हणून मोजतं. मासोळीच्या तर सगळ्याच पेशींना केंद्रक. फुल्या छापण्याशिवाय ते बिचारं काय करणार होतं? आयुष्यात पहिल्यांदा मी मूषकरावाला मिठी मारली. त्याच्या कोटाला उंदरांचा वास येत होता, तो मला चालला.

आता तुला वाटेल, संपलं. मलाही तसंच वाटलं होतं. बाबांना घेऊन इथे धावत आले आणि धापा टाकत डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी आधी विचारलं, मासोळीचं रक्त, माझ्या मशीनमध्ये? मग चष्मा काढून शांतपणे म्हणाल्या, तुम्ही म्हणता तसं असेलही. पण तुमच्या वडिलांना थकवा आहे, वजन उतरलं आहे, आणि त्यांचं रक्त अजून मी पाहिलेलं नाही. तुमच्या काचेवरून मी कोणाला घरी पाठवत नाही. त्यांनी नवा नमुना घेतला (चिठ्ठी लावून, माझ्याकडे बघत बघत), आणि त्या आत गेल्या. त्या गेल्यापासून माझ्या मनात पाल चुकचुकते आहे. काल मला शोध हवा होता, तर त्या काचेवर शोध दिसला. आज मला बाबा हवे आहेत, तर तीच काच म्हणते, घे बाबा. ज्या डोळ्यांनी काल इतकं बिनदिक्कत फसवलं, त्यांच्यावर आज कशाच्या जोरावर भरवसा ठेवू? मी भिंगात घालवलेली सगळी वर्षं आज या बाकावर काडीच्या कामाची नाहीत. इथे मी एका शिंप्याची मुलगी आहे.

बाबांना मी सगळं समजावून सांगितलं. केंद्रकाचं, फुल्यांचं, फिरवलेल्या स्टँडचं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, मासोळी बरी आहे ना? मी म्हटलं, ती ठणठणीत आहे. मग झालं तर, म्हणाले. थोड्या वेळानं माझ्या कागदाकडे तिरकं पाहिलं, मायना वाचला, आणि मान दुसरीकडे फिरवली. त्यांनी कापूस कधीच काढायला हवा होता, अजून दाबूनच धरलाय. दार उघडतंय. आमचंच नाव पुकारलं. दादा, आता पेन ठेवते.

तुझी,
धाकटी

ता. क. घरी येऊन लिहिते आहे. पांढऱ्या पेशी जेवढ्या असाव्यात तेवढ्याच, सुबक आणि बेताच्या. बाईंनी स्वतः डोळ्यांनी पाहिल्या. मज्जा तपासायची गरज नाही. रक्तात लोह फार कमी आहे (तांबड्या पेशी फिकट आणि लहान होत्या, पण केंद्रकाच्या आनंदात तेही माझ्या नजरेतून सुटलं), थकवा त्याचाच, वजनही अन्नावरची वासना उडाल्यामुळे उतरलं असावं. लोह का कमी झालं ते पुढच्या आठवड्यात बघणार आहेत, पण घाबरण्यासारखं काही दिसत नाही म्हणाल्या. गोळ्या दिल्यात. बाईंनी मला निघताना सांगितलं की यापुढे घरच्या माणसांचं रक्त घरी काढू नका आणि माशांचं इथे आणू नका. मी बाहेर येऊन बाकावर बसले आणि इतकी रडले की पुढच्या रांगेतला तो कोटवाला उठून पाणी घेऊन आला. बाबा त्याला धन्यवाद देण्याऐवजी म्हणाले, पाठीत एक चुणी जास्त आहे, दुकानात या.

ता. क. दुसरा. सरांनी काल संध्याकाळीच दुसऱ्या संस्थेच्या लोकांना थोरल्या बाई बघायला बोलावून ठेवलंय. ते उद्या येणार. शोध बाबांच्या रक्ताचा निघाला, हे सरांना अजून सांगायचं आहे. मूषकराव म्हणतो, मी बरोबर येतो. तो बरोबर असला की सर जास्त चिडतात, पण नाही म्हणवेना.

ता. क. तिसरा, आणि खरं काम हेच. घरी आल्या आल्या बाबांनी ते कापलेलं राखाडी निळं कापड घडी करून ट्रंकेत ठेवलं. आता घाई नाही म्हणाले. आई म्हणाली, बाह्या तेवढ्या कापा की. तर म्हणाले, माप जुनं आहे, माणूस सुटला असेल, कापड फुकट जाईल. हे बहाणे आहेत हे तुलाही कळतं. भीती होती तोवर कात्री चालली, भीती गेली आणि हेका परत आला. म्हणून तू एवढंच कर, गुपचूप बाहीचं आणि छातीचं माप कळव. शिंप्याच्या मुलाला माप कसं घ्यावं हे सांगायला नको. मी ते कोणाच्या तरी नावानं त्यांच्या टेबलावर सरकवीन. शर्ट एकदा पुरा झाला की तो पोचवायचा कसा, याचा विचार त्यांना करावाच लागेल. पाकिटावर पत्ता घालायचा राहिला आहे, तोवर पत्र कापायच्या टेबलावर ठेवते.

ता. क. हे अक्षर तिचे नाही, माझे आहे. पत्र टेबलावर उघडे होते, वाचले. माप कळवू नये. कागदावर आलेल्या मापाने मी आजवर कोणाचे काही शिवलेले नाही. त्या कोटाची डावी बाही वाकडीच होती. गिऱ्हाईक गेल्यावर मी ती उसवून पुन्हा लावली. तुझ्या शर्टाच्या बाह्या राहिल्या आहेत. माप घ्यायला माणूस समोर उभा लागतो, म्हणून बोलावतो आहे.